कृष्णातनं नाव ठेवलं नाही

कृष्णात चौगुल्याचा उजवा अंगठा हे बोम्मसंद्र्याच्या त्या कारखान्यातलं सगळ्यात जुनं मोजमापाचं यंत्र आहे, असं तिथले लोक म्हणायचे. गिअर मशीनवरून उतरला, धुतला, ट्रेमध्ये येऊन बसला, की बाकीची यंत्रं आपापलं काम करायची. पण शेवटी तो कृष्णातच्या हातात यायचा. कृष्णात दात्यांवरून अंगठा फिरवायचा आणि डोळे मिटायचा. आजूबाजूचे श्वास धरून उभे. मग डोळे उघडून म्हणायचा, "चांगलाय. पण हितं बघ, बर राहिलाय."

बर म्हणजे धातू कापला जाताना कडेला राहून गेलेलं केसाएवढं कुसळ. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतं. गाडीच्या पोटात गेलं की कुरकुरत राहतं. फायनल इन्स्पेक्शनला असा एक माणूस लागतोच. अडचण एवढीच, की संध्याकाळी कंपनीची बस सुटली तरी तो अंगठा कृष्णातबरोबर घरी यायचा.

कुणाकडून लग्नाची पत्रिका आली की, "झकास आहे. पण गणपतीवरची सोनेरी शाई जरा फाकलीय." शेजारच्या धनलक्ष्मी अक्कानं दारात रांगोळी काढली, की हा चपला घालताघालता थांबणार. "अक्का, भारी हं! पण डावीकडचं कमळ स्वल्प झोपलंय." अक्का कन्नडमधून काहीतरी पुटपुटायची आणि कमळ पुसून पुन्हा काढायची, कारण कमळ खरोखरच झोपलेलं असायचं. हीच तर पंचाईत होती. कृष्णात चुकत नसे. लेक अंजली शाळेच्या नाटकात राणी झाली, तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या यानंच वाजवल्या, आणि घरी येताना रिक्षात म्हणाला, "मस्त केलंस गं अंजू. पण मुकुट तिरका बसला होता." राणी उरलेला रस्ताभर खिडकीतून बाहेर बघत बसली.

त्याच्या मनात वाईट नसायचं. निपाणीजवळच्या खेड्यातून आयटीआयला गेला, तेव्हा तिथले मास्तर पोरांनी घासून आणलेला लोखंडाचा तुकडा बघायचे आणि खिडकीतून बाहेर फेकायचे. "पुन्हा." कृष्णातचेही कितीतरी तुकडे त्या खिडकीतून गेले. एके दिवशी मात्र मास्तरांनी तुकडा फेकला नाही. उजेडात धरला, वळवला आणि म्हणाले, "ह्या कोपऱ्यात जरा." बास, एवढंच. त्या रात्री कृष्णातला आनंदानं झोप लागली नव्हती. कौतुक म्हणजे काय, हे तो त्या दिवशी शिकला आणि पुढे आयुष्यभर तेच वाटत राहिला.

बायको कावेरी कारवारची. कृष्णातचा मामा कारवार बंदरावर ट्रक न्यायचा, त्यानं ही सोयरीक जमवली. लग्न होऊन बेंगळुरूला आली तेव्हा तिच्या सामानात एक खवणी होती आणि बरणीभर तेफळं. तेफळं म्हणजे मिऱ्यापेक्षा थोडी मोठी, वाळून तोंड उघडलेली फळं. बांगड्याच्या आमटीत ठेचून घातली की जिभेला झिणझिण्या येतात. घाटावरच्या कृष्णातला तोवर मटणाचा रस्सा ठाऊक. मासा म्हणजे काट्यांची जुडी. कावेरीनं त्याला शेजारी बसवून काटा कुठून सोडवायचा, कुठला भाग आधी खायचा, डोकं का टाकायचं नाही, सगळं शिकवलं. आणि रोज ताट वाढून झालं की पळी हातात घेऊन ती तिथंच उभी राहायची.

"कसं झालंय?"

कृष्णात घास घ्यायचा. डोळे मिटायचा.

"छान झालंय. पण चिंच जरा पुढं गेलीय."

"जाऊ दे पुढं. तुमच्या घाटावरच्या जिभेला माशातलं काय कळतंय!"

"मग विचारतेस कशाला?"

"विचारणार. रोज विचारणार."

आणि विचारायची. चिंच पुढं गेली, नारळ मागं राहिला, भाकरीची कड जाड झाली. असा त्यांचा संसार चालला.

मग ती विचारायची थांबली.

हे कृष्णातच्या लगेच लक्षात आलं नाही. बोटाला केसाएवढं कुसळ लागणाऱ्या माणसाला घरातला एक अख्खा प्रश्न गेलेला कळायला बरेच दिवस लागले. अंजली नोकरीसाठी पुण्याला गेली, घरात दोघंच उरली, तेव्हा कुठं ते त्याला ऐकू आलं. म्हणजे ऐकू आलं नाही. कावेरी ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची आणि गॅलरीतले कपडे काढायला निघून जायची. एकदा यानं मुद्दाम मोठ्यानं म्हणून बघितलं, "आमटी बरी झालीय, पण..."

"हं," गॅलरीतून आवाज आला. पुढं काय, हे तिनं विचारलंच नाही.

रागावली असती तर राग काढता आला असता. ती रागावलेली नव्हती. हसत होती, बोलत होती, त्याच्या गुडघ्याला तेल लावून देत होती. फक्त त्याचं मत तिला नको झालं होतं. आणि कृष्णातला एवढं एकच पाहिजे होतं, की तिनं पुन्हा पळी घेऊन समोर उभं राहावं आणि विचारावं.

त्यानं ते कॅन्टीनमध्ये शिवाप्पाला सांगितलं. शिवाप्पा हीट ट्रीटमेंटचा, बागलकोटकडचा. आयुष्यभर भट्टीसमोर उभं राहून त्याचा सगळ्या प्रश्नांवर एकच उपाय ठरला होता.

"गरम नग हाताळायचा नसतो, कृष्णातण्णा. थंड होऊ दे. हेंडतीला, बायकोला, चांगल्या हॉटेलात ने. आणि तिथं गेल्यावर सुम्मने बस."

"सुम्मने म्हणजे अगदी गप्प?"

"गप्प नको रे. छान छान म्हण. पण ते तुझं बर-बीर काढू नको. एक दिवस!"

अंजलीनं तर फोनवर टाळीच वाजवली. "बाबा, डेट नाइट! आई कारवारची ना, मग सीफूडच. इंदिरानगरला एक भारी जागा आहे, माझ्या मैत्रिणीचे फोटो पाहिलेत मी. रविवारचं बुक करते. आणि बाबा, प्लीज हं. एकाही गोष्टीला नाव ठेवायचं नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"नक्की?"

"आता अगं, होय की!"

रविवारी कावेरीनं मोरपंखी साडी नेसली, केसांत अबोलीचा गजरा माळला. निऱ्यांची एक घडी बाकीच्यांपेक्षा बोटभर वर होती. कृष्णातनं ती पाहिली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड केलं.

"निघू या?" कावेरी म्हणाली.

"एकदम मस्त," कृष्णात म्हणाला.

"मी विचारलं, निघू या का?"

"हां, हां. चल की."

बोम्मसंद्र्याहून इंदिरानगरला जायचं म्हणजे मेट्रो दोनदा बदला, जिने चढा, जिने उतरा. मॅजेस्टिकच्या गर्दीत कावेरीनं त्याच्या शर्टाची बाही धरली ती पुढच्या गाडीत बसेपर्यंत सोडली नाही. जमतंय, कृष्णातला वाटलं. शिवाप्पाचं बरोबर आहे. आज जमतंय.

हॉटेलात भिंतीवर वल्ही टांगली होती, छताला जाळं, आणि दिवे इतके मंद, की कावेरी पायरीला ठेचकाळली. दारातच काचेच्या मोठ्या पेटीत बर्फावर मासे मांडून ठेवले होते. कावेरीचे पाय आपोआप तिकडं वळले. ती वाकली. माहेरच्या बाजारात असते तसा तिचा हात माशाचा कल्ला उचलून बघायला पुढं गेला, आणि काचेला लागून परत पदराखाली आला. कृष्णातनंही पाहिलं. त्याला तिनंच शिकवलं होतं: डोळा फुगीर हवा, कल्ला लाल हवा. पेटीतल्या इसवणीचा डोळा खोल गेला होता, आजाऱ्यासारखा.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

"अंजूनं हौसेनं बुक केलंय," कावेरी हळूच म्हणाली.

"छानच आहे जागा," कृष्णात म्हणाला.

टेबल डुगडुगत होतं. कृष्णातनं खालून त्याच्या पायाला आपला गुडघा लावला आणि ते जेवण संपेपर्यंत तसंच धरून ठेवलं. छातीवर 'विराट' अशी पाटी लावलेला वेटर आला, दोघांसमोर एकेक मेनू ठेवून हिंदीत म्हणाला, "मॅम, आज का स्पेशल, कारवार कोस्टल करी. एकदम ऑथेंटिक."

कावेरीचा चेहरा असा उघडला, की कृष्णातला त्या वेटरला मिठी मारावीशी वाटली.

"कारवारची? तेफळं घालता का हो तुम्ही?"

"मॅम?"

"तेफळं. काळी, छोटी. आमटीत."

"ऑलिव्ह, मॅम? ऑलिव्ह ॲड करवा दूँगा."

"नको, नको," कावेरी हसली. "जशी आहे तशी आणा."

आधी कोळंबी आली. पांढऱ्याशुभ्र थाळीच्या मधोमध मोजक्याच चार-पाच, त्यांच्यावर आंब्याचा फेस. कावेरीनं एक उचलली, काट्यानं पाठ उघडली. काळी शीर तशीच आत. तिनं ती थाळीच्या कडेला ठेवली आणि नवऱ्याकडं बघितलं. आता हा डोळे मिटेल. आता म्हणेल, 'पण'.

कृष्णातनं घास घेतला. दाताखाली वाळू कचकली. "वा!" तो म्हणाला. "काय मऊ आहे!"

कावेरीची भुवई वर गेली.

मग आमटी आली. खोलगट निळ्या वाडग्यात गुलाबी रंगाची, वर मलईची नक्षी आणि ढबू मिरचीच्या लाल-हिरव्या पट्ट्या. कावेरीनं चमचा बुडवला, नाकापाशी नेला आणि तोंडात न घालताच परत ठेवला. कृष्णातलाही तो वास आला होता, वाडगा टेबलाला टेकण्याआधीच. त्यानं श्वास रोखून मोठा घास घेतला. गोड. दुधाळ. आणि त्याच्या मागून माशाचा शिळेपणा, ओल्या गोणपाटासारखा.

शिवाप्पा आठवला. अंजली आठवली.

"अप्रतिम," तो म्हणाला.

"काय?"

"अप्रतिम आहे. चव म्हणजे अशी, की..." त्याला पुढं शब्द सापडेना. आयुष्यात कधी लागलेच नव्हते. "की बास."

"खरंच आवडलं तुम्हाला?"

कृष्णातच्या हातातला चमचा थांबला. विचारलं! कावेरीनं विचारलं! किती दिवसांनी. घर नाही, पळी नाही, समोर हे गुलाबी पाणी. पण ती त्याच्या तोंडाकडं बघत होती आणि त्याच्या मताची वाट बघत होती. आता चुकायचं नाही. दिलेला शब्द मोडायचा नाही. त्यानं नीट तिच्या डोळ्यांत बघितलं आणि अगदी मनापासून सांगितलं,

"फार छान झालंय. काही म्हणजे काही काढायला जागा नाही."

कावेरीनं मान खाली घातली, मांडीवरचा रुमाल घडी करून टेबलावर ठेवला. घडीवर घडी, घडीवर घडी, रुमाल बोटाएवढा होईपर्यंत.

विराट येऊन उभा राहिला. "सर, मॅम, हाउ वॉज एव्हरीथिंग? कोई सजेशन?"

"नो सजेशन," कृष्णात छाती काढून म्हणाला. "सगळं फर्स्ट क्लास."

कावेरी उठली आणि हात धुवायला म्हणून गेली ती थेट दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

बाहेर फुटपाथवर तरण्या जोडप्यांची वर्दळ होती, समोरच्या पबमधून ढोल आपटल्यासारखं गाणं येत होतं. बिल देऊन कृष्णात बाहेर आला तेव्हा कावेरी मेट्रोच्या दिशेनं चालायला लागली होती. तिला गाठता गाठता त्याला धाप लागली.

"अगं, थांब की! काय झालं? बरं नाही वाटत?"

"मला काय धाड भरलीय."

"मग?"

ती एका मोठ्या झाडाखाली थांबली. वळली. आणि आयुष्यभर हळू बोलणारी कावेरी इंदिरानगरच्या भर रस्त्यात त्या ढोलाच्या वर आवाज चढवून बोलायला लागली.

"मासा शिळा होता. कळलं का तुम्हाला?"

"होय."

"कोळंबी साफ केली नव्हती."

"होय."

"आमटी म्हणायची का ती? खिरीत मासा बुडवलाय मेल्यांनी!"

"होय गं. मला वास आधीच..."

"आणि तुम्ही म्हणालात, अप्रतिम! काढायला जागा नाही म्हणालात! मी इतकी वर्षं रांधतेय तुमच्यासाठी. ताप असताना रांधलं. अंजू पोटात असताना ओकऱ्या काढत रांधलं. माझ्या कुठल्या आमटीला, एका तरी आमटीला, नुसतं छान म्हणून गप्प बसलात कधी? मला जे एकदा मिळालं नाही ते त्या शिळ्या इसवणीला मिळालं हो आज!"

एक कुत्रा फिरवणारा माणूस जरा लांबून वळून गेला. कृष्णात उभा राहिला. आपण नक्की काय केलं, हे त्याला हळूहळू दिसायला लागलं. उजेडात धरलेल्या तुकड्यासारखं.

"अंजूला शब्द दिला होता," तो म्हणाला. "नाव ठेवायचं नाही म्हणून. शिवाप्पापण म्हणाला..."

"शिवाप्पा कोण माझ्या जेवणात?"

"कोणी नाही. ऐक. ऐक तरी. आमच्याकडं जो नग भंगारात जायचा ना, त्याच्यावर मी काही लिहीत नाही. लाल रंग मारायचा, पेटीत टाकायचा. शेरा लिहायचा तो चांगल्या नगावर. ज्याच्यात जीव आहे त्याच्यावर. आत जे खाल्लं ते भंगार होतं गं. त्याच्याबद्दल काय बोलायचं?"

"आणि मी कोण? चांगला नग?"

"तसं नव्हं..."

"मला नाही व्हायचं नग. चांगला पण नाही."

मग कावेरी झाडाच्या पारावर टेकली. आवाज उतरला होता.

"दादा आला होता आपल्याकडं. आई गेल्यानंतर. आठवतंय?"

वासुदेव, तिचा मोठा भाऊ. कृष्णातला आठवलं. पावसाळा संपतासंपता आला होता, पिशवीत नारळ घेऊन.

"आठवतंय की."

"नारळाबरोबर एक पुडी आणली होती त्यानं. आईनं शेवटची वाळवून ठेवलेली तेफळं. मी बांगड्याची आमटी केली. दादा जेवत होता, मान वर न करता. आणि तुम्ही डोळे मिटलेत."

कृष्णातला पुढचं आठवलं. त्यानं ते स्वतः म्हटलं, कारण तिला म्हणायला लावणं बरं नव्हतं.

"छान झालंय, पण तेफळं जास्त पडलीत."

"दादाचा हात थांबला ताटात."

"मला माहीत नव्हतं, कावेरी. आईंची होती ते."

"तुम्ही बरोबर होतात हो. जास्तच पडली होती. मी सगळी पुडी घातली. उरवून कुणासाठी ठेवायची होती? तुम्ही खोटं बोलला असतात तर मला भांडता आलं असतं. तुमचं बरोबर होतं, म्हणून तर काही बोलता येईना मला." तिनं पदरानं नाक पुसलं. "त्या दिवशी ठरवलं, आता ह्यांना विचारायचं नाही."

"कळलं मला."

तिनं चमकून वर बघितलं. "काय कळलं?"

"तू विचारायची थांबलीस ते."

"तुमच्या लक्षात आलं?"

"आलं. उशिरा आलं, पण आलं. आज काय मासा खायला आलो होतो वाटतं तुला? मला वाटलं, चांगलं वागलो, नाव नाही ठेवलं, तर तू परत विचारशील."

समोरच्या पबचं गाणं संपलं आणि दुसरं सुरू झालं, तसंच.

"मी नाही आता विचारायची," ती म्हणाली. रागानं नाही. घरातली एखादी वस्तू मोडली, टाकून दिली, असं सांगावं तसं. "विचारलं की तुम्ही तपासायला बसता. आणि मी उभी राहते, पास का नापास बघत. आता नाही उभी राहावत. पाय दुखतात."

कृष्णातनं मान हलवली. एकदा. पुन्हा एकदा.

"सरी, बरं," तो म्हणाला. "नको विचारूस."

तो तिच्या शेजारी पारावर बसला. कावेरीनं त्याच्या शर्टाच्या खिशावर पडलेला गुलाबी डाग नखानं खरवडून बघितला.

"भूक लागलीय मला," ती म्हणाली.

"मला पण. मी नुसता फेस खाल्लाय."

ती हसली. नाक लाल, डोळे ओले, आणि हसली.

घरी पोचल्यावर तिनं कुकरला भात लावला आणि कृष्णात सवयीनं बाहेरच्या खोलीत त्याच्या खुर्चीकडं निघाला.

"कुठं चाललात?"

"तुझं होईपर्यंत बसतो की."

"बसायचं नाही. इकडं या. कांदा चिरा."

कृष्णात स्वयंपाकघराच्या दारात थबकला. इतक्या वर्षांत तो तिथं पाणी प्यायला जायचा, सिलिंडर बदलायला जायचा. कांदा चिरायला कधी गेला नव्हता. कावेरीनं फळीवरचा डबा काढला, कारवारहून आलेला सुका जवळा तव्यावर परतला. घरभर खमंग खारा वास सुटला आणि शेजारच्या धनलक्ष्मी अक्कानं खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. परतलेल्या जवळ्यात कांदा, ओलं खोबरं, लाल तिखट, कोकमाचं आगळ. हातानं कालवायचं, की झालं किसमूर. गरम भाताबरोबर आणखी काही लागत नाही.

कावेरीनं बोटानं कालवलेल्यातलं चिमूटभर उचललं आणि त्याच्यासमोर धरलं. "हात करा."

त्यानं तळहात पुढं केला. तिनं ते तळहातावर ठेवलं. त्यानं चाखलं. डोळे मिटायला गेले, आणि त्यानं ते मुद्दाम उघडे ठेवले.

"काय घालू?" कावेरी म्हणाली. "अजून झालं नाहीय. आत्ता सांगा. वाढल्यावर नको."

कृष्णातनं जीभ टाळ्याला लावली. "मीठ... जरासं."

"जरासं म्हणजे केवढं?"

"म्हणजे... जरासं."

तिनं मिठाचा डबा त्याच्याकडं सरकवला. "घाला."

"मी?"

"मग कोण? शिवाप्पा?"

कृष्णातनं दोन बोटांत मीठ उचललं. परत थोडं सोडलं. परत उचललं. हजारो गिअरवरून फिरलेल्या अंगठ्याला एक चिमूट केवढी, ते काही ठरवता येईना. शेवटी त्यानं डोळे घट्ट मिटून मीठ टाकलं, आणि थोडं कमी वाटलं म्हणून आणखी एक चिमूट. कावेरी शेजारी उभी राहून बघत होती. कालवलं, भात वाढला, आणि दोघं तिथंच ओट्याशी दोन स्टुलं ओढून जेवायला बसली.

पहिला घास कावेरीनं घेतला. तिचे डोळे बारीक झाले.

"काय?" कृष्णात म्हणाला. हातातला घास हातातच. "बोल की. काय झालं?"

ती चावत होती. सावकाश.

"कावेरी, बोल गं."

"समुद्र झालाय," ती म्हणाली.

त्यानं घाईनं घास तोंडात घातला, आणि त्याचे कान हलले. "आयला! पण मघाशी तर..."

"जवळा मुळातच खारा. त्यातलं मीठ मागाहून सुटतं."

"तुला माहीत होतं?"

"मग!"

"हात धरायचा नाहीस माझा?"

"तुम्ही एवढं मन लावून घालत होतात. मध्ये कशाला बोलू?"

कृष्णात तिच्याकडं बघत राहिला. आधी त्याला राग येईलसं वाटलं, मग तो आलाच नाही. कावेरीच्या तोंडात भात होता आणि खांदे गदागदा हलत होते. तोही हसायला लागला, आणि त्याला ठसका लागला, आणि तिनं पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला, तेही हसतच.

मग तिनं परात पुन्हा ओट्यावर घेतली, नारळाची उरलेली वाटी आणि खवणी त्याच्यासमोर ठेवली.

"उठा. खोबरं वाढवू या, म्हणजे सुधारेल."

तो जमिनीवर खवणीशी बसला. वाटी दोन्ही हातांत धरली आणि रेटून खवायला लागला. कावेरी त्याच्या डोक्यावर वाकून बघत होती.

"इतकं जोरात नाही. करवंटी लागतेय, काळं येतंय बघा त्यात."

"कुठं?"

"हे काय. दिसत नाही?"

त्यानं वाकून बघितलं. पांढऱ्या खोबऱ्यात तपकिरी ठिपके खरंच होते.

"दिसतंय," कृष्णात म्हणाला, आणि वाटी थोडी फिरवून धरली.